चित्रं चारचौघांत बघावीत

चित्रप्रदर्शनाला एकट्यानं जावं, गप्प राहावं, चित्र हळूहळू आत उतरू द्यावं, असं सांगणारी बरीच माणसं मला भेटली आहेत. त्यांतले काही स्वतः चित्रकार आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी हे मला पटत नाही. एकट्यानं बघावीत अशी चित्रं असतात, नाही असं नाही. पण ज्या घरांत चित्रं बघायला जाण्याची पद्धतच नाही, तिथल्या माणसांना ‘एकटे जा आणि बोलू नका’ असं सांगणं म्हणजे जाऊच नका असं सांगणं. आपल्याकडची बहुतेक घरं अशीच आहेत. आमचंही तसंच होतं.

घरात चित्रं नव्हती असं मात्र नाही. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं असलेले ‘दीपावली’चे अंक आत्यानं ट्रंकेत जपून ठेवले होते. रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरावरची लक्ष्मी वर्ष सरलं तरी भिंतीवरून उतरत नसे, फक्त खालचा तारखांचा भाग कापला जाई. आमच्या पिढीत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा न दिलेलं मूल शोधून सापडलं नसतं. वस्तुचित्रातली बादली, स्मरणचित्रातला बाजार, संकल्पचित्रातली आवर्तनं, कोरड्या हातानं ओढलेली अक्षरलेखनाची आडवी-उभी रेघ, हे सगळं आम्ही केलं. दर वर्षी राज्यभरात लाखो मुलं अजूनही करतात. ग्रेड मिळते, प्रमाणपत्र फाइलीत जातं आणि त्यातली बहुतेक मुलं पुढं आयुष्यात एकदाही कलादालनाची पायरी चढत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. माझे वडील फोर्टात नोकरीला होते. जहांगीर आर्ट गॅलरीवरून त्यांची बस रोज जायची. ‘आपल्याला त्यातलं काही कळत नाही,’ हे त्यांचं वाक्य ठरलेलं होतं आणि त्या वाक्यानं तो दरवाजा त्यांच्यासाठी कायमचा लावून टाकला.

म्हणून यंदा जानेवारीत मुंबई गॅलरी वीकएंड जाहीर झाल्यावर मी घरातल्या आणि घराबाहेरच्या माणसांना गोळा केलं. २०१२ पासून हा उपक्रम चालतो. फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्या त्या दिवसांत नवी प्रदर्शनं लावतात आणि एरवीपेक्षा उशिरापर्यंत उघड्या राहतात. शनिवारी संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा सोबत काका होते. त्यांची सगळी नोकरी कापड गिरणीच्या डिझाइन खात्यात झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, जिन्याची भीती घालून झाली होती, पण ती काठी घेऊन तयारच होती. तिसरीतली भाची होती. आणि महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवणारी माझी मैत्रीण नवऱ्याला घेऊन आली होती.

काळ्या घोड्यापाशी भाचीनं पहिला प्रश्न विचारला. घोड्यावर कुणीच कसं नाही? मूळच्या पुतळ्यावर सातवा एडवर्ड, युवराज असतानाचा, बसलेला होता. आल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला होता आणि १९६५ मध्ये तो इथून हलवून राणीच्या बागेत नेला. नाव मात्र चौकाला चिकटलं ते चिकटलंच. २०१७ मध्ये नवा घोडा उभा केला तो स्वाराशिवाय. भाचीला हे उत्तर आवडलं. तिच्या मते घोडा आता मोकळा झाला होता.

समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय संध्याकाळी सहालाच बंद होतं, त्यामुळं ते आमच्या बेतात नव्हतं. पण त्या इमारतीकडं बोट दाखवून काकांनी पुन्हा तीच आठवण काढली, आणि ती इथं सांगायलाच हवी. ही इमारत म्हणजे जॉर्ज विटेट यांनी बांधलेला, १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल. सभा, संगीताचे जलसे, सगळं इथं होत असे. १९९६ मध्ये तिचं संग्रहालय झालं. आतमध्ये अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात. २०१९ मध्ये तिथं प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. काकांना मी आग्रहानं नेलं, कारण बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते, आधी बनारसला आणि मग मुंबईत. म्हणजे कापडाच्याच धंद्यातला माणूस. काका अगदी नाइलाजानं आले होते. आत गेल्यावर बरव्यांची ती घड्याळं, पानं, सफरचंदं, कात्रीनं कापल्यासारख्या नेमक्या कडा आणि एनॅमल रंगाचे सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग बघून ते अचानक बोलायला लागले. सपाट रंग लावणं किती कठीण असतं, एक कड दुसऱ्या कडेला कशी भिडवायची, रिकामी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे. मजला चढता चढता ते सांगतच राहिले. चित्रातला ‘अर्थ’ त्यांनी एकदाही विचारला नाही. चाळीस वर्षं हातानं केलेल्या कामातून ते सरळ चित्रात शिरले होते. तिथं मी त्यांना गप्प बसवलं असतं तर बरव्यांची चित्रं माझ्याही हाती निम्मीच लागली असती.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. ज्याला आपण ‘कळत नाही’ म्हणतो, त्या माणसाजवळ एखादं असं कळणं असतं जे समीक्षकाकडं नसतं. ते बाहेर यायला बोलावं लागतं, आणि बोलायला सोबत लागते.

जहांगीरच्या दारावरचं ते वळणावळणाचं काँक्रीटचं छत आत्यानं आयुष्यभर बसमधून पाहिलं होतं. त्याखालून आत मात्र ती पहिल्यांदा गेली. तिला तिकीट कुठं काढायचं ते कळेना. तिकीट नाही म्हटल्यावर ती दोन पावलं थबकली. १९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ही गॅलरी उभी राहिली. दुर्गा बाजपेयी यांनी तिचा आराखडा केला. चित्रकार हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्यासारख्यांनी त्यासाठी खटपट केली होती. तेव्हापासून कुणीही यावं, बघावं आणि जावं. वर्तमानपत्रांत चित्रांची बातमी येते ती कोटींची. हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ २०२५ मध्ये सुमारे ११८ कोटींना गेलं, तेव्हा सगळ्या घरांत चर्चा झाली. चित्र विकत घ्यायला काय पडतं हे त्यामुळं सगळ्यांना ठाऊक आहे. बघायला काहीच पडत नाही, हे कुणी मोठ्या टायपात छापत नाही.

जहांगीरची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिथं चित्रकार स्वतः हजर असतो. मंगळवार ते सोमवार असा त्याचा आठवडा. तारीख मिळायला वर्षानुवर्षं वाट पाहिलेली असते. गावाहून टेम्पोत घालून चित्रं आणलेली असतात, नातेवाइकांकडं मुक्काम असतो, टेबलावर अभिप्रायाची वही उघडी असते आणि शेजारच्या खुर्चीत पत्नी किंवा भाऊ डबा सांभाळत बसलेला असतो. येणाऱ्याचा पाय कुठल्या चित्रापाशी थांबतो याकडं त्या चित्रकाराचं सारखं लक्ष असतं. बहुतेक लोक चालता चालता बघतात, वहीत ‘खूप छान’ लिहितात आणि जातात.

त्या दिवशी एका दालनात सोलापूरकडच्या एका तरुण चित्रकाराची चित्रं होती. सगळ्या विहिरी. कोरड्या पडलेल्या, मोटरपंप बसवलेल्या, कठड्यावर बाभळीची सावली पडलेल्या. एका मोठ्या कॅनव्हासवर मोट, म्हणजे बैलांनी ओढून विहिरीचं पाणी उपसायची चामड्याची पिशवी, चालू होती. आत्या त्यासमोर थांबली ती हलेचना. तिचं बालपण सातारा जिल्ह्यातलं आणि तिच्या लहानपणी मळ्यात मोट होती. थोड्या वेळानं ती तरुणाला म्हणाली, “बाळा, याला सोल कुठंय?”

त्याला कळलं नाही. मग आत्यानं काठी भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी समजावलं. मोटेला दोन दोर. जाड तो नाडा, तो वरच्या चाकावरून जातो आणि मोट ओढतो. खालचा बारीक तो सोल, तो मोटेच्या सोंडेला बांधलेला असतो. मोट वर आली की सोल सोंडेला थारोळ्याकडं ओढून धरतो आणि पाणी तिथं पडतं. “नुसत्या नाड्यावर मोट वर येईल रे, पण रिकामी कशी होईल?” बैल मागं सरत धाव, म्हणजे विहिरीकडचा उतार, चढतात तेव्हा दोर सैल पडून कसा लचके खातो, मोट पाण्यावर आपटल्याचा आवाज कसा येतो, दगडाला दोरांचे कसे चर पडलेले असतात, तेही तिनं सांगितलं. चित्रातल्या दगडावर चर होते. ते बघून तिनं त्याला शाबासकी दिली. ते कुठं पाहिलेस, असं विचारलं.

तो म्हणाला, मोट चालताना त्यानं कधीच पाहिलेली नाही. ती विहीर त्यांच्याच रानातली, दगड तिथंच जाऊन रंगवला. बाकीचं वडिलांनी सांगितलं तसं. वडिलांनीही लहानपणीच पाहिलेलं. त्यानं वही ओढली, मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मोट काढली आणि आत्याकडून सोल कुठून कुठं जातो ते दुरुस्त करून घेतलं. त्याची बायको आत्यासाठी खुर्ची घेऊन आली. तोवर आजूबाजूला सात-आठ माणसं जमली होती. एक गृहस्थ त्यांच्या गावाकडच्या रहाटाचं सांगू लागले. एरवी त्या चित्रासमोर कुणी अर्धं मिनिटही थांबलं नसतं.

हे सगळं झाल्यावर कुठंतरी बसून चहा घ्यावा असं वाटणारच. पूर्वी त्यासाठी बाहेर जावं लागत नसे. गॅलरीतच ‘समोवार’ होतं. उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं, आगगाडीच्या डब्यासारखं लांबट, बाजूला संग्रहालयाच्या आवारातली हिरवळ. कॉलेजात असताना एक चहा घेऊन आम्ही तिथं तासभर बसायचो आणि शेजारच्या टेबलावरची भांडणं ऐकायचो. चित्रावरून माणसं इतकी तावातावानं बोलतात हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. २०१५ मध्ये ते बंद झालं. मुंबईच्या चित्रकलेचं त्यात खरोखर नुकसान झालं असं मला वाटतं, कारण बघणं दालनात सुरू होत असलं तरी ते संपत नाही, पुढं बोलण्यात चालू राहतं. या शहरातली आधुनिक चित्रकला उभी राहिली तीच मुळी अशा बैठकींतून. ऑस्ट्रियाहून निर्वासित म्हणून आलेले वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकार जमायचे, आपली कामं दाखवायचे, वाद घालायचे. घरकाम आणि गाड्या धुण्याचं काम केलेले आरा त्यांत होते. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप केला तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता, दालन नव्हतं. एकमेकांची सोबत होती. गप्प राहून यातलं काहीही झालं नसतं.

बाहेर फुटपाथवर चित्रकार ओळीनं आपली चित्रं मांडून बसलेले होते. भाचीनं तिथं स्वतःचं चित्र काढून घ्यायचा हट्ट धरला, पण रांग होती. येताना बघू, असं ठरलं.

कुलाब्याकडच्या खासगी गॅलऱ्यांचा बाज वेगळा आहे आणि नवख्या माणसाला त्यांची धास्ती वाटते, हे मान्य करायला हवं. ताजच्या मागं मेरीवेदर रोडवर सनी हाउससारख्या जुन्या इमारती आहेत. खालून बघून वर गॅलरी असेल असं वाटत नाही. दारावर पहारेकरी ‘कुठं जायचंय’ विचारतो, लाकडी जिना चढावा लागतो, काही ठिकाणी बेल वाजवावी लागते. आत पांढऱ्या भिंती, मोजकी चित्रं, टेबलामागं लॅपटॉपवर एक मुलगी. चित्रकार नसतो. ‘गॅलरी’ एवढा एक शब्द पहारेकऱ्याला सांगावा आणि सरळ वर जावं. कुणी हटकत नाही. ही दारंही सगळ्यांसाठीच उघडी असतात. फायर स्टेशनजवळची प्रोजेक्ट ८८ ही गॅलरी तर पूर्वीचा छापखाना आहे. मैत्रिणीचा नवरा छपाईच्या धंद्यातला, त्यामुळं तो चित्रांइतकाच खांब आणि छत बघत फिरला.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. भिंतीवरचा मजकूर. तो सगळीकडं इंग्रजीत असतो आणि तेही असं इंग्रजी की इंग्रजी माध्यमात शिकलेल्यालाही दोनदा वाचावं लागतं. मुंबईत, मराठी माणसांच्या शहरात, एक पानभर मराठी मजकूर छापून ठेवायला फार खर्च येत नाही. आत्या त्या मजकुराजवळ गेली, थोडं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या क्षणी तिला परत फिरावंसं वाटलं असेल तर तो दोष तिचा नव्हता.

ती फिरली नाही याचं श्रेय काकांना. एका भिंतीवर पिवळ्या-करड्या रंगांचा मोठा अमूर्त कॅनव्हास होता. काका त्याच्या कडेला गेले आणि बाजूनं बघायला लागले. “ये इकडं,” त्यांनी आत्याला हाक मारली. “कड बघ. खाली निळा आहे. आधी सगळा निळा लावलाय, तो वाळू दिलाय, मग वर पिवळा. म्हणून हा पिवळा असा थंड वाटतो.” मग गिरणीतलं सांगणं सुरू झालं. छापायच्या कापडात जितके रंग तितके स्क्रीन. प्रत्येक रंगाचं वेगळं ट्रेसिंग. दोन रंग जिथं भेटतात तिथं एकाची कड दुसऱ्याखाली किंचित सरकवून घ्यायची, नाहीतर कापडावर पांढरी रेघ उमटते. पावडर, गोंद, ओला वास. १९८२ च्या संपानंतर त्यांचं खातं हळूहळू विस्कटलं. जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून आलेली चांगली चांगली मुलं त्या खात्यात बसून फुलं काढायची, आणि त्यांच्यातल्या कुणाचंही नाव कापडावर कधी छापलं गेलं नाही, असं ते म्हणाले. हे मी त्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं.

“दादा, तू हे घरी कधी बोलला नाहीस,” आत्या म्हणाली.

“घरी कुठं असलं चित्र आहे?” काका म्हणाले.

टेबलामागची मुलगी उठून आली. ती मराठीतच बोलली. चित्रकारानं खरोखर निळ्यावर काम सुरू केलं होतं, हे तिनं सांगितलं, आणि तुम्हाला कसं ओळखता आलं असं काकांना विचारलं. मग ती दोघं बराच वेळ त्या कडेपाशी उभी होती.

भाची तोवर जमिनीवर मांडी घालून एका रेखाचित्रासमोर बसली होती. कागदाच्या एका कोपऱ्यात तीन खुर्च्या, बाकी सगळा कागद कोरा. “हे पूर्ण झालंय का?” तिनं विचारलं. पूर्ण झालंय म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. “मग मागचं का नाही रंगवलं? टीचर मार्क कापतात.”

माझी मैत्रीण तिच्याशेजारी खाली बसली. शाळेत ‘पार्श्वभूमी रंगवा’ हे दिवसातून कितीदा तरी तीच सांगते, कारण परीक्षेत मोकळा कागद ठेवला की मूल अर्धवट सोडून उठलं असं धरलं जातं. तिनं भाचीला सांगितलं, तू डोळ्यांपुढं हात धरून खुर्च्यांभोवतीचा कोरा भाग झाक आणि मग बघ. भाचीनं झाकून बघितलं. मग हात काढून बघितलं. पुन्हा झाकलं. “मोकळं असलं की कोणीतरी आत्ताच उठून गेलं असं वाटतं,” ती म्हणाली. मैत्रिणीनं वही काढून ते वाक्य लिहून घेतलं.

रीगलजवळच्या एका उडपी हॉटेलात आम्ही जेवायला बसलो तेव्हा साडेनऊ होत आले होते. फुटपाथवरचं चित्र राहून गेलं म्हणून भाची थोडी रुसली होती. आत्याला ती पिवळी चित्रं आवडली नव्हती आणि तिनं ते स्पष्ट सांगितलं. काकांना विहिरींच्या चित्रांत रंग मळके वाटले होते. त्यावर आत्या भडकली, कारण कोरडी विहीर तशीच दिसते. छपाईवाल्याचं म्हणणं, विहिरीचा चित्रकार अजून पाच वर्षांनी खरा दिसेल. कुणाचंच कुणाशी जुळत नव्हतं आणि डोसे गार होत होते. चित्रकार गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले हे मी मध्येच सांगितलं. तेव्हा गिरगावात नोकरीची सगळी वर्षं काढलेल्या आत्यानं कुठली चाळ, कुठला मजला, अशी चौकशी सुरू केली.

मैत्रीण मात्र हिशेब करत होती. आठवीचा वर्ग, चाळीस मुलं, शाळेपासून चर्चगेटपर्यंत लोकल. मंगळवारी नवं प्रदर्शन लागतं, म्हणजे बुधवारी न्यावं. गर्दी कमी असते आणि चित्रकार अजून थकलेला नसतो. वीस-वीसचे दोन गट. मुलांना आधीच बजावायचं की गप्प बसायचं नाही, प्रत्येकानं चित्रकाराला एक प्रश्न विचारायचाच. मग तिनं काकांना विचारलं, तुम्ही याल का? मुलांना ते स्क्रीनचं आणि कडेचं सांगाल का?

काकांनी पाणी प्यायलं. बुधवार कुठला ते विचारलं. मग म्हणाले, गिरणीतल्या कापडाचे जुने नमुने माळ्यावर पेटीत आहेत. चाळीस मुलांना प्रत्येकी एक पुरतील की नाही ते उद्या काढून मोजतो.